देणगीतून वनजमीन राखणे (बेळगाव सीमाभाग)

धनिकाने स्वतःच्या पैशातून जमीन विकत घेऊन ती वन्यजीवांसाठी राखण्याची पद्धत. जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकी उद्योजक डग्लस टॉम्पकिन्स यांचे. कपड्यांच्या धंद्यातला पैसा घालून त्यांनी १९९० च्या दशकापासून चिली आणि अर्जेंटिनात जमिनी घेतल्या. २०१५ मध्ये ते वारल्यावर पत्नी क्रिस्टीन यांनी चिलीतील सुमारे १० लाख एकर राष्ट्रीय उद्यानांसाठी सरकारच्या हवाली केली. कर्नाटकात कोडगूमधील ‘साई’ हे खासगी अभयारण्य १९९१ मध्ये ५५ एकरांवर सुरू झाले आणि ३०० एकरांच्या आसपास पोचले.

सीमाभागात या पद्धतीला खरा वाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला आहे. भीमगड अभयारण्य (२०११, सुमारे १९० चौ. कि.मी.) गोव्याच्या म्हादई अभयारण्याला लागून आहे. गवे, अस्वले त्याच्या कडेच्या मालकी रानांतूनही फिरतात.

कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यात ट्रस्टना शेतजमीन घ्यायला मज्जाव होता; २०२० च्या दुरुस्तीने तो उठला. तरी व्यवहार अडतो तो सामायिक खात्यावर. आजोबांच्या नावचा उतारा, वारसा चढलेला नाही, हिस्सेदार मुंबई-पुण्याला आणि पोटहिस्स्याची मोजणी झालेलीच नाही, अशी स्थिती असते. एका वारसाची सही राहिली तरी दहा वर्षांनी दावा उभा राहतो. म्हणून आधी मोजणी, मग ३० वर्षांची ई.सी. (जमिनीवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) आणि शेवटी पैसे, असा क्रम धरावा. कागद कन्नडमध्ये असतात. विकणाऱ्याला ते मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नये.

खरेदीनंतर काही न करणे ही सर्वांत महागाची चूक. गुरे हटली की गवत वाढते आणि फेब्रुवारीपासून वणव्याला तेच पुरते. डिसेंबर-जानेवारीत हद्दीने ३ ते ५ मीटर रुंदीची जाळरेषा काढून पालापाचोळा झाडावा लागतो, आणि तो पुन्हा पडतो म्हणून मार्चमध्ये परत झाडावा लागतो. घाणेरी (लँटाना, रान व्यापणारे झुडूप) वरून छाटली तर दुप्पट फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सें.मी. वर तोडून झुडूप उलटे टाकतात, म्हणजे ते पुन्हा मुळे धरत नाही. बी पिकण्याआधी हे उरकावे आणि पुढचे दोन पावसाळे रोपटी उपटत राहावे. उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) अकेशिया लावण्याचा मोह आवरावा. तिथले गवत हेच तिथले जंगल.

तारेचे कुंपण घालू नये. ते गव्यांना शेजारच्या भातात, उसात वळवते, आणि गावाची पाणंद बंद झाली तर वणवा विझवायला कोणी येत नाही. राखणदार गावातलाच असावा, पगार बारमाही असावा. देणगीतला मोठा भाग जमिनीत न घालता ठेवीत ठेवला तरच हा पगार व्याजातून निघतो.

कायद्याचे कवच हवे असल्यास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-क (36C) खाली मालकाच्या संमतीने खासगी जमीन ‘समुदाय राखीव’ जाहीर करता येते. त्यानंतर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही, मग मालकाच्या वारसांचे मन बदलले तरी. अभयारण्याच्या हद्दीतल्या जमिनीला मात्र हे कलम लागू होत नाही.