स्नीक (इंग्रजी क्रियापद)

स्नीक : कोणाच्या नजरेस न पडता, बहुधा मनात काही लपवण्याजोगे ठेवून, हळूच येणे, जाणे वा निसटणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. सकर्मक प्रयोगही रूढ आहे; उदा., सिनेमागृहात पिशवीच्या तळाशी दडवून नेलेला घरचा डबा. ब्रिटिश शाळांतील बोलीत नाम म्हणून त्याचा अर्थ चुगलखोर.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. हा शब्द लेखनात सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या पहिल्या भागात (सु. १५९७) देशोधडीला लागलेला माणूस गुपचूप मायदेशी परततो, तेथे हा शब्द आला आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘स्नीकन’ (सरपटणे) हे त्याचे मूळ असल्याचे बहुतेक कोश सुचवतात, पण ‘कदाचित’ म्हणूनच. अडचण ध्वनीची आहे. प्राचीन इंग्रजीतील दीर्घ ‘ई’चा पुढे ‘आइ’ झाला : ‘रीडन’चे ‘राइड’, ‘बीटन’चे ‘बाइट’. त्या न्यायाने आज ‘स्नाइक’ ऐकू यायला हवे होते. शिवाय मध्य इंग्रजीतील ‘स्नीकेन’ तेराव्या शतकाच्या सुमारास आढळते आणि पुढे तीनएकशे वर्षे लिखित धागा सापडत नाही. बोलीभाषेत एखादे भगिनीरूप टिकून राहिले असावे, हे अनुमान त्यातल्या त्यात पटण्याजोगे वाटते. ओल्ड नॉर्स या स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतील ‘स्नीक्या’ व डॅनिशमधील ‘स्नीय’ हे शब्द याच कुळातील मानतात. ‘स्नेक’ (साप) हाही त्यांचा सगोत्र समजला जातो. संस्कृत ‘नाग’ शब्द याच धातूशी जोडण्याचा प्रयत्न झाला आहे. तो आकर्षक असला, तरी सर्वमान्य नाही. मराठीतील ‘सरपटणे’ आणि ‘सर्प’ यांचे नाते मात्र निराळ्या, ‘सृप्’ धातूकडे जाते.

भूतकाळी रूप मुळात ‘स्नीक्ड’. ‘स्नक’ हे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत छापील स्वरूपात दिसते. अनियमित क्रियापदे काळाच्या ओघात नियमित होतात, हा इंग्रजीतील सर्वसाधारण कल (‘हेल्प’चे जुने ‘होल्प’ जाऊन ‘हेल्प्ड’ आले). येथे प्रवाह उलटा वाहिला, म्हणून अभ्यासकांना या रूपाचे अप्रूप. ‘स्टक’, ‘स्ट्रक’ यांच्या धर्तीवर ते घडले असावे. दीर्घकाळ अशिष्ट गणलेले हे रूप आज अमेरिका व कॅनडात सर्रास चालते.

रबरी तळव्याच्या बुटांना अमेरिकेत ‘स्नीकर्स’ नाव पडले, ते चामडी बुटांसारखा टापटाप आवाज होत नाही म्हणून. नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे.

मराठीत यास एकच प्रतिशब्द नाही. दिशा आणि हेतू पाहून ‘सटकणे’, ‘शिरकाव करणे’, ‘काढता पाय घेणे’ यांतून निवड करावी लागते. मुंबईच्या बोलीत ‘सुमडीत जाणे’ जवळचे. ‘दबा धरणे’ चालत नाही, कारण त्यात हालचाल थांबलेली असते. क्रियापदात न मावणारा लपवाछपवीचा भाव मराठी बहुधा ‘चोर’ या पूर्वपदाने आणते : चोरपाऊल, चोरवाट, चोरखिसा. यांत चोरी अभिप्रेत असतेच असे नाही. रायगडाच्या तटातील अरुंद चोरदिंडी गडावरच्याच लोकांना गुपचूप ये-जा करता यावी म्हणून ठेवलेली. ‘अंग चोरणे’, ‘नजर चोरणे’ यांतही चोरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.