मामांच्या बागेतलं मोरचूद निळंच का?

नागपूरहून काटोलकडे निघालं की पावसाळ्याच्या तोंडावर संत्र्याच्या बागांत सगळ्या झाडांची खोडं आभाळी रंगाने रंगवलेली दिसतात. ती बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार), एक किलो चुना, दहा लिटर पाणी, डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागू नये म्हणून लावतात. मागे मामांसोबत पेस्ट कालवत होतो तेव्हा मामा म्हणाले, "अबे, तांब्याची तार लाल, मंग मोरचूद निळं काऊन रे? अन् झिंक पांढरंच काऊन राह्यते?"

प्रश्न मला जाम आवडला, कारण मामांच्या कोठीतच याचं उत्तर पोत्यांत भरून ठेवलंय. मोरचूद निळं, हिराकस (लोखंडाचं सल्फेट) फिक्कट हिरवं, मँगनीज सल्फेट जेमतेम गुलाबी, झिंक सल्फेट पांढरं. चारही सल्फेटच, चौघांतही पाणी, मग फरक येतो तो धातूच्या इलेक्ट्रॉनमुळे.

या धातूंच्या अणूत डी-ऑर्बिटल नावाचे पाच कप्पे असतात, एका कप्प्यात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन. अणू एकटा असला तर पाचही कप्प्यांची ऊर्जा सारखीच. पण क्षारात तो एकटा नसतो ना, भोवती पाण्याचे रेणू तोंड करून बसलेले असतात, आणि जो कप्पा थेट त्यांच्या दिशेने आहे त्यातल्या इलेक्ट्रॉनला त्यांचा ऋण भार ढकलतो, म्हणून तो कप्पा वर चढतो, मधल्या जागेतले खाली राहतात. हान्स बेथे या भौतिकशास्त्रज्ञाने 1929 मध्ये हे गणित मांडलं. आता खालच्या इलेक्ट्रॉनला वर उडी मारायची तर बरोबर तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश गिळावा लागतो, आणि गिळून जे उरतं तो आपल्याला दिसणारा रंग.

मोरचुदातल्या तांब्याकडे नऊ इलेक्ट्रॉन, म्हणजे वरती एकच जागा रिकामी. तिथे उडी मारायला लाल आणि त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लागतो. पाण्यात विरघळवलं तर शोषण सगळ्यात जास्त साधारण 800 नॅनोमीटरला, पण पट्टा इतका रुंद की दिसणारा लाल भागही खाल्ला जातो, उरतो निळा. झिंककडे दहा, सगळे कप्पे फुल्ल, उडी मारायला जागाच नाही, म्हणून पांढरं. (तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, तिचं गणित वेगळं आहे.)

धातूच्या भोवतीचे हे शेजारी बदलले की रंग बदलतो हे तर लॅबमध्ये डोळ्यांसमोर दिसतं. परीक्षानळीत मोरचुदाचे खडे घेऊन गरम करा, आधी नळीच्या वरच्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमतात, मग खडा कडेकडेने पांढरा पडत जातो. तांबं तेच आहे, पण पाणी गेलं, आता शेजारी फक्त सल्फेटचे ऑक्सिजन, त्यांचा जोर कमी, उडी लहान झाली आणि शोषण दिसणाऱ्या प्रकाशाच्या बाहेर सरकलं. गार झाल्यावर एक थेंब पाणी टाका, निळा रंग तिथल्या तिथे परत! मी कितीदा केलंय हे, दरवेळी बघत राहतो. उलट द्रावणात अमोनिया जास्त घातला तर गडद जांभळट निळं होतं, कारण अमोनियाचा जोर पाण्यापेक्षा जास्त, शोषण 600 नॅनोमीटरच्या आसपास येतं.

मँगनीजची गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. आपल्या नागपूरजवळच्या मनसरच्या खाणीतलाच हा धातू. क्षारात त्याच्याकडे पाच इलेक्ट्रॉन, पाच कप्प्यांत एकेक, सगळ्यांचा स्पिन (इलेक्ट्रॉनची जणू स्वतःभोवतीची गिरकी) एकाच दिशेने. कोणीही उडी मारायची म्हटली की स्पिन उलटा करावा लागतो, आणि प्रकाश शोषताना ते जवळजवळ होतच नाही, म्हणून इतका फिका गुलाबी. आणि त्याच मँगनीजचं पोटॅशियम परमँगनेट? चिमूटभर टाकलं तरी बादली जांभळी. तिथे मँगनीजकडे डी-इलेक्ट्रॉन उरलेलाच नसतो, ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन सरळ मँगनीजवर उडी मारतो, आणि या उडीला तसली आडकाठी नाही, म्हणून मोरचुदाच्या मानाने शोषण शंभरपटीहून जास्त.

हे सगळं मामांना बांधावर बसून सांगितलं. त्यांनी मोरचुदाच्या बादलीत कालवलेला चुना ओतला, गडद निळ्याचं दुधाळ आभाळी झालं, आणि ढवळता ढवळता म्हणाले, "म्हंजे आता तांब्याचा शेजारी चुन्यानं बदलला म्हण ना." चुन्यातला हायड्रॉक्साइड तांब्याला जाऊन चिकटतो. बरोब्बर तेच.