पर्यटन : लाभ आणि तोटे (नागपूर परिसर)

करमणूक, तीर्थाटन, अभ्यास किंवा निव्वळ हवापालट म्हणून माणसे चार दिवस घर सोडतात. त्यातून प्रवाशाच्या पदरी काय पडते आणि यजमान प्रदेशाला काय मिळते, काय सोसावे लागते, याचा नागपूर परिसरापुरता हा आढावा. जगात २०१९ साली सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक-आगमने नोंदली गेली. कोविडकाळातील पडझडीनंतर २०२४ मध्ये आकडा पुन्हा १४० कोटींच्या घरात आला. या लोंढ्याला आवर घालण्यासाठी व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क लावले, थायलंडने माया बे ही पुळण २०१८ मध्ये काही वर्षांसाठी बंद केली, तर भूतान परदेशी पाहुण्याकडून दर रात्रीमागे शुल्क घेतो. नागपूरवर अशी वेळ आलेली नाही. इथला पेच वेगळा आहे : पैसा एका ठिकाणी उतरतो, झीज दुसऱ्याच ठिकाणी होते, आणि दोन्हींमध्ये गाडीने दोन-तीन तासांचे अंतर असते.

नागपूर हे मुक्कामापेक्षा वाटेवरचे शहर. ब्रिटिश काळातला झिरो माइलचा स्तंभ आणि त्याशेजारचे घोडे पाहायला मुंबई-पुण्याचा किंवा परदेशातला पर्यटक मुद्दाम येत नाही. तो विमानतळावर उतरतो आणि टॅक्सीने थेट जंगलाकडे निघतो. शहराला ‘टायगर कॅपिटल’ म्हणतात ते याच अर्थाने. वाघ शहरात नाहीत, शहर त्यांचे स्टेशन आहे. पेंचच्या जंगलाकडची गाडी जबलपूर रस्त्याने मनसरवरून जाते. तेथे वाकाटककालीन अवशेष आहेत, पलीकडे रामटेकच्या गडावर त्याच काळातले केवल-नरसिंह मंदिर आहे, आणि मेघदूतातला रामगिरी तो हाच अशी दृढ परंपरा आहे. दुपारच्या सफारीची वेळ गाठायची असल्याने गाडी थांबत नाही. परतीच्या वाटेवर शहराच्या वाट्याला एक सावजी जेवण, सकाळचे तर्री पोहे आणि संत्राबर्फीचे दोन डबे येतात. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये आणि मुंबईच्या बाजूला अखेरपर्यंत जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यामुळे येणे सोपे झाले, तसेच न थांबता निघून जाणेही.

वाघांची जंगले नागपूरच्या चहूबाजूंना आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ चे, राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ चा, महाराष्ट्रातील पेंच प्रकल्प १९९९ चा, नवेगाव-नागझिरा २०१३ चा, बोर २०१४ चा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले आणि ते शहराला फारच जवळ आहे. राज्यातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३ होता, २०२२ मध्ये ४४४. हे सारे श्रेय पर्यटनाचे म्हणता येणार नाही. संरक्षण, गावांचे पुनर्वसन आणि भक्ष्यप्राण्यांची वाढ ही मोठी कारणे. पण जिवंत वाघाला बाजारभाव आला आणि तो स्थानिकांनाही दिसू लागला, हे पर्यटनामुळे घडले.

हा पैसा गावापर्यंत कसा पोचतो, ते पाहण्यासारखे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद मिळाली. त्यामुळे गेटवर जमा होणारे शुल्क सरकारी तिजोरीत विरून न जाता प्रकल्पाच्या आणि भोवतालच्या गावांच्या कामी येऊ शकते. गाईड व जिप्सीचे, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचे, चालक गेटजवळच्या गावांतले असतात. कधीकाळी गुरे राखणारा किंवा तेंदूपत्ता तोडणारा मुलगा आज वानराच्या आणि चितळाच्या हाकेवरून वाघाची दिशा सांगतो आणि त्या ज्ञानाचे त्याला पैसे मिळतात. घरगुती गॅस, सौर कुंपण, शौचालये अशा कामांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनाही आहे. सरपण कमी लागले की जंगलात जाणे कमी होते, हा त्यामागचा साधा हिशेब.

रिसॉर्टच्या खोलीचे भाडे मात्र या वाटेने येत नाही. ताडोबाच्या मोहर्ली व कोलारा आणि पेंचच्या सिल्लारी या गेटांच्या भागांतल्या रस्त्यालगतच्या शेतजमिनी विकल्या जातात, मालक बाहेरचा असतो, आणि ज्याने जमीन विकली त्याच्या घरातले कोणी त्याच आवारात माळीकाम किंवा पहारा करते. पैसे एकदाच मिळतात, पगार दरमहा. पण धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, हक्क गेला तो गेलाच. पर्यटनशास्त्र याला उत्पन्नाची गळती म्हणते. छोट्या बेटराष्ट्रांच्या संदर्भात ही संज्ञा नेहमी वापरली जाते. ती मोहर्लीच्या रस्त्यालाही लागू पडते.

सर्वांत कठीण गाठ उन्हाळ्यात पडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे जातो, पाने गळतात, वाघ पाणवठ्याशी येतो, म्हणून बुकिंग याच दिवसांत भरते. मोहफुले वेचण्याचा आणि तेंदूपत्ता तोडण्याचा हंगामही नेमका हाच. उजाडायच्या आत बाया टोपली घेऊन मोहाखाली वाकलेल्या असतात. त्याच वेळी गेटवर जिप्सींची रांग लागलेली असते. दोघांनाही पहाटच हवी असते. एकाला वाघ दिसावा म्हणून, दुसऱ्याला तो दिसू नये म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे मरतात, त्यांत वनोपज गोळा करणारे आणि गुराखी अधिक. मृताच्या वारसांना राज्य सरकार आता २५ लाख रुपये देते. वाघ वाढल्याचा आनंद शहरात साजरा होतो, त्याचे भय बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत राहते. केवळ प्रवासी आणि स्थानिक अशी दोन खाती मांडली, तर हा फरक त्यांत दिसत नाही.

वाघ एकदा ‘स्टार’ झाला की धंद्यालाही धोका असतो. नागझिऱ्याहून चालत उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला ‘जय’ हा वाघ या अभयारण्याची ओळख बनला होता. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, त्याचा ठावठिकाणा लागला नाही, आणि त्यासोबत गेटवरची गर्दीही ओसरली. उलट टोकाची घटना ३१ डिसेंबर २०२४ ची : याच अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक-गाईडांवर कारवाई झाली. त्यांची चूक होतीच. पण मागच्या सीटवरून “अजून थोडं पुढे घ्या ना भाऊ” म्हणणाऱ्याचा त्यात वाटा किती, हेही पाहायला हवे. त्याआधी जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअर, म्हणजे गाभ्याच्या, क्षेत्रातले पर्यटन तात्पुरते थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वांसह ते पुन्हा सुरू झाले, आणि कोअरचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटकांना खुला ठेवावा असे ठरले.

प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर मिळकत मोठी आहे, मात्र ती वाघावर अवलंबून ठेवली की हातून निसटते. ताडोबा तलावातली मगर, रानगव्यांचा कळप, रानकुत्री, अस्वल हे सगळे पाहून परतलेला माणूस “काहीच दिसलं नाही” असे सांगतो, तेव्हा त्याचेच नुकसान झालेले असते. तारू या देवाचे ठाणे तलावाकाठी आहे आणि ताडोबा हे नाव त्यावरूनच पडले; वाघाशी लढताना मेलेला हा गावप्रमुख गोंडांचा देव झाला, अशी कथा आहे. पूर्वी येथे पौषात जत्रा भरे. भाविकांचे रान आता तिकिटाचे रान झाले आहे, हे गाईडने सांगितले तर कळते, नाहीतर नाही. पेंचने २०२४ च्या जानेवारीत वेगळी वाट काढली : देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे आकाश अंधारे राखलेले रान, म्हणून त्याला मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून प्रकाश खाली जमिनीकडेच पडेल असे केले गेले. आकाश पाहायला वाघाची वाट अडवावी लागत नाही.

जंगलाची वाट न धरता शहरातच येणारा पाहुणा हिशेबात सहसा धरला जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माचा स्वीकार केला. अशोक विजयादशमीला दरवर्षी लाखो लोक तेथे येतात : रेल्वेच्या जनरल डब्यातून, एसटीने, घरून बांधून आणलेल्या भाकरीसह. हॉटेलमालकाला त्यांच्याकडून फारसे काही मिळत नाही. पण शहर पाहुणचार करते तो याच दिवसांत. रस्त्यारस्त्यांवर नागरिक आणि संघटना मोफत जेवण, पाणी, औषधे देतात. आणि हे पाहुणे खर्च करतात तो पुस्तकांवर. दीक्षाभूमीच्या परिसरातली पुस्तकांची दुकाने पाहिली की पर्यटकाचा दरडोई खर्च हा एकच मापदंड किती तोकडा आहे ते कळते. या जागेच्या विकासकामांत भूमिगत वाहनतळ होता. स्तूपाला धोका पोचेल या भावनेतून १ जुलै २०२४ रोजी अनुयायांनी तीव्र आंदोलन केले आणि सरकारने कामाला स्थगिती दिली. सुविधा कोणासाठी, हे ठरवण्याचा हक्क ज्यांचे ते स्थान आहे त्यांनी बजावला. बफरमधल्या गावाला इतका आवाज नाही.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरते, तोही एक प्रकारचा पर्यटन-हंगामच. नागपूर करारानुसार राज्याचे सरकार काही दिवस येथे येते, खोल्या मिळेनाशा होतात, हुरड्याचे बेत होतात आणि मंडळी परततात.

१ जुलैला ताडोबा आणि पेंचच्या कोअरची गेटे बंद होतात, ती ३० सप्टेंबरपर्यंत. बफरमधल्या काही वाटा तेवढ्या चालू राहतात. कोअरच्या गाईडची कमाई थांबते. ज्याच्याकडे धानाची बांधी उरली आहे तो रोवणीला जातो, ज्याने ती विकली तो दुसऱ्याच्या बांधीत. याच महिन्यांत पेंच नदीला पूर येतात, तोतलाडोह धरणाचा मेघदूत जलाशय भरू लागतो, आणि ते पाणी खाली नवेगाव खैरीवरून नागपूरच्या नळांना येते.