१६, २५, ४०, ६३ : बलूनच्या दोरांतून आलेले आकडे

घरातल्या एमसीबींवर (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारी बटणं) १०, १६, २५, ४०, ६३ असे अँपिअरचे आकडे असतात. वायरही दीडची, अडीचची, चारची, सहाची. १०, २०, ३०, ४०, ५० अशी सरळ चढण का नाही? याचं उत्तर फ्रेंच लष्कराचा बलून इंजिनिअर शार्ल रनार (१८४७-१९०५) याच्या कामात आहे.

१८७०-७१ मध्ये पॅरिसला प्रशियाचा वेढा पडला, तेव्हा टपाल आणि माणसं बलूनमधून बाहेर गेली. पण वारा नेईल तिकडेच जाणं, परतीची सोय नाही. १८७७ पासून पॅरिसजवळ शाले-मदों इथे लष्करी बलूनचं केंद्र रनारच्या हाताखाली आलं. तिथूनच ९ ऑगस्ट १८८४ ला तो आणि आर्तूर क्रेब्स 'ला फ्रान्स' ही एअरशिप (मोटरने चालणारं, हवं तिकडे वळवता येणारं बलून) घेऊन उडाले. ८ किलोमीटर फिरून २३ मिनिटांत निघाल्या जागी उतरले. हायड्रोजन सुमारे १,८७० घनमीटर. एका घनमीटरला साधारण १.१ किलो उचल धरली, तर एकूण दोन टन. त्यातले ४३५ किलो एकट्या बॅटरीने खाल्ले, आणि मोटर साडेआठ अश्वशक्तीची. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, त्यामुळे ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या वर वारा गेला की यान मागेच रेटलं जाणार. सात उड्डाणांपैकी पाच वेळा ते परत आलं.

केंद्राचं रोजचं काम मात्र दोरांचं. बलूनसाठी सुती दोरांचे ४२५ प्रकार वापरात होते. रनारने ते १७ वर आणले. प्रश्न असा, की कुठले ठेवायचे? एक मीटर दोराचं वजन १०, २०, ३० ग्रॅम असं वाढवलं, तर १० वरून २० ही दुपटीची उडी आणि ९० वरून १०० जेमतेम ११ टक्क्यांची. बारीक दोरांत मधला हवा तर मिळत नाही, जाड दोरांत सगळे एकासारखे एक.

रनारने बेरीज सोडून गुणाकार धरला. पाच उड्यांत बरोबर दहापट, म्हणजे प्रत्येक उडी १.५८५ पट : १०, १५.८, २५.१, ३९.८, ६३.१, १००. आकडे गोल केले की १०, १६, २५, ४०, ६३, १००. पुढे १६०, २५०, मागे ६.३, ४. पाढा एकच, दशांशचिन्ह तेवढं सरकतं. नेमका हवा तो दोर नसला आणि वरचा घ्यावा लागला, तर जादा वजन फार तर ५८ टक्के, मग दोर बारीक असो की जाड.

खरी गंमत पुढे आहे. दोराचं वजन जाडीच्या वर्गाने वाढतं, म्हणून जाडीची उडी १.५८५ चं वर्गमूळ, १.२५९. ही दहा उड्यांत दहापट होते : १०, १२.५, १६, २०, २५, ३१.५... आता १०, १२.५, १६, २० यांचे वर्ग काढा : १००, १५६, २५६, ४००. वजनाच्या पाढ्यातलेच १००, १६०, २५०, ४००! जाडी पाढ्यात बसवली की वजन आपोआप बसतं.

२० आणि ३२ चे एमसीबी या दहा उड्यांच्या पाढ्यातले, ३१.५ चे ३२ झाले. वायरच्या चौरस मिलिमीटरांत १.६ चे दीड आणि ६.३ चे सहा झाले. आयएसओ ३ या आंतरराष्ट्रीय मानकात या मालिकांना आर५, आर१०, आर२०, आर४० म्हणतात. त्यातला 'आर' रनारचा.