नवेगावबांध

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील जुना तलाव, त्याच नावाचे गाव आणि तलावाला लागून असलेले राष्ट्रीय उद्यान. विदर्भाला समुद्रकिनारा नाही. हिवाळ्याच्या सुट्टीत मोकळे पाणी आणि पाखरे बघायची झाली, तर झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातली, माणसे इथल्या पाळीवर (तलावाच्या बांधावर) येतात.

तलाव नैसर्गिक नाही, हे आधी सांगायला हवे. कोहळी समाजातील कोलू पाटलाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीस तो बांधला, अशी परंपरा आहे. भोवतीच्या सात डोंगरांना लोक सातबहिणी म्हणतात, तर कोलू पाटील आजही कोलासूर देव म्हणून पुजला जातो. तलाव बांधला तो धानासाठी, म्हणजे भातासाठी. या भागात पाऊस भरपूर, पण ऐन निसवणीला, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, त्याने दडी मारली की हातचे पीक जाते. तेव्हा तलावाचे पाणी पाटाने बांध्यांत (धानाच्या शेतांत) सोडायचे. पाखरे या सोयीवर मागाहून आली.

ती येतात मुख्यतः काठच्या उथळ पाण्यासाठी. तिथे देवधान (रानभात), कमळ आणि पाण्याखालच्या वनस्पती वाढतात, त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात. मध्य आशियाकडून येणारे थापट्या आणि तलवार बदक हिवाळ्यात याच पट्ट्यात चरतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हा रानहंसही दिसतो. अडई, काणूक आणि वारकरी हे पाणपक्षी तर घरचेच.

वेळ काढून बघावा असा पक्षी मात्र कमळपक्षी. त्याची बोटे इतकी लांब की अंगाचा भार पसरतो आणि तो तरंगत्या पानावरून चालत जातो. पान किंचित दबते, कडेने पाणी आत येते, तोवर त्याचे पाऊल पुढच्या पानावर पडलेले असते. पावसाळ्यात त्याला लांब, बाकदार काळी शेपटी येते. मादी चकचकीत तपकिरी अंडी घालून निघून जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे नराकडे. हिवाळ्यात शेपटी झडते, म्हणून तेव्हा आलेल्या पाहुण्याला तो ओळखूच येत नाही.

याच तालुक्यातील अनेक तलावांत बेशरम हे झुडपी तण माजले आणि पाणवनस्पतींबरोबर मासे व पक्षीही घटले. अलीकडे काही गावांतल्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) बायकांनी बेशरम उपटून चिखलात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर जगते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तलाव सुधारण्याच्या कोणत्याही कामात पहिला सल्ला त्यांचाच घ्यावा.

उद्यान १९७५ साली घोषित झाले, क्षेत्र १३३.८८ चौ. किमी. साग, ऐन, मोह आणि बांबूच्या या पानझडी जंगलात बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, चितळ व रानकुत्रे आढळतात. डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांच्या नोकरीची बरीच वर्षे या परिसरात गेली.

पक्षी बघण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे धुके विरायच्या आत पाळीवर पोहोचावे आणि दुर्बीण जवळ ठेवावी. नावेत बसल्यास थव्याच्या जवळ जाण्याचा आग्रह धरू नये. बदके एकदा उठली की चरणे सोडून लांब पलीकडच्या काठाला जातात. जुलै ते सप्टेंबर जंगल सफारी बंद असते. तेव्हा तलाव भरत असतो आणि कमळपक्ष्याचा नर अंड्यांवर बसलेला असतो.