अकॅडेमिक रिसर्च

अकॅडेमिक रिसर्च म्हणजे विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत राहून एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आणि ते कसं शोधलं हेही सगळं उघड करायचं, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला तेच परत करून बघावंसं वाटलं तर बघता आलं पाहिजे. व्याख्येतला हा दुसरा भागच खरा महत्त्वाचा आहे, कारण उत्तरं काय, कंपन्याही शोधतात, सरकारी खातीही शोधतात. काम राउटरमधल्या (नेटवर्कमध्ये माहिती पुढे पाठवणाऱ्या यंत्रातल्या) रांगेवर चाललेलं असो नाहीतर गरीब घरांना रोख पैसे द्यावेत का यावर, ही अट सुटत नाही. पद्धती मात्र खूप वेगळ्या असतात.

नेटवर्कमधलं १९८६ सालचं उदाहरण बघण्यासारखं आहे. त्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातली लिंक एकदम मंदावली, दोन्हींमधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड आणि वेग मात्र सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आलेला, म्हणजे ८०० पट कमी! वायर तुटली नव्हती, मशीन्सही चालू होती. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी यावर काम केलं, कुठलं पॅकेट (पाठवायच्या माहितीचा छोटा तुकडा) कोणत्या क्षणी निघालं याचे आलेख काढले, आणि त्या आलेखांत तेच तुकडे परत परत जाताना दिसतात. पोच आली नाही की मशीन तेच पॅकेट पुन्हा पाठवायचं, सगळ्यांनी तेच केलं की रांग आणखी वाढायची, मग पोच आणखी उशिरा यायची, की परत पाठवणं आलंच. त्यांनी काढलेला उपाय आजही वाचताना छान वाटतो: सुरुवात एकाच पॅकेटने करायची, पोच येत जाईल तसं वाढवत न्यायचं, आणि पॅकेट हरवलं की गर्दी झालीये असं समजून मर्यादा निम्म्यावर आणायची. मध्ये बसून सगळ्यांना सांगणारं कुणी लागत नाही, प्रत्येक मशीन आपापलं ठरवतं. पेपर १९८८ ला आला, कोड बर्कली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधून सगळीकडे गेला, आणि आजच्या इंटरनेटमधल्या गर्दी आवरण्याच्या पद्धती त्याच पायावर उभ्या आहेत.

धोरणाच्या संशोधनात अशी सोय नाही. लिंक परत चालवून बघता येते, पण मूल एकदा शाळा सोडून गेलं की तेच वर्ष त्याला परत जगायला लावता येत नाही. म्हणून तुलना आधीच आखून ठेवावी लागते. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा नावाची योजना सुरू केली, मुलं शाळेत जात असतील आणि घरचे दवाखान्यात तपासणीला येत असतील तर पैसे, आणि तेही आईच्या हातात. अभ्यासासाठी ५०६ गावं घेतली, त्यातली कुठली ३२० आधी आणि कुठली १८६ नंतर हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे दोन्ही गटांत नंतर जो फरक दिसेल तो योजनेमुळे असं म्हणायला आधार मिळाला. शाळेत नाव घालणारी मुलं वाढली, माध्यमिकला मुलींमध्ये जास्त. सरकार २००० साली बदललं तरी योजना टिकली, त्यात या आकड्यांचा मोठा वाटा मानतात. थांबायला लागलेल्या गावांचं काय हा प्रश्न मात्र अशा प्रत्येक प्रयोगात येतोच आणि यायलाच हवा.

कधीकधी नेटवर्क आणि धोरण ही दोन टोकं एकत्रही येतात. अमेरिकेत १९९४ ला रेडिओ स्पेक्ट्रमचे, म्हणजे बिनतारी संपर्कासाठी लागणाऱ्या लहरींच्या पट्ट्यांचे परवाने लिलावाने दिले, त्या लिलावाची रचना करणाऱ्यांत पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन हे अर्थशास्त्रज्ञ होते, दोघांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

छापण्याच्या सवयी क्षेत्राप्रमाणे बदलतात: कॉम्प्युटरवाल्यांचं महत्त्वाचं काम कॉन्फरन्सला जातं, अर्थशास्त्रात वर्किंग पेपर (अजून न छापलेला मसुदा) कितीतरी वर्षं फिरत राहतो आणि मग जर्नलमध्ये येतो. छापण्याआधी त्याच विषयातले लोक वाचून शेरे देतात, याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. पण रिव्ह्यूअर शक्यतो मजकूर वाचतो, गणित परत करून बघेलच असं नाही, आणि चुका इथूनच निसटतात.

२०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा पेपर आला, सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते, आणि खर्चकपातीच्या बाजूने बोलणारे नेते तो दाखवू लागले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी क्लासच्या असाइनमेंटसाठी हाच पेपर परत करून बघत होता आणि काही केल्या आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे आकडेमोडीची एक्सेल शीट मागितली, त्यांनी ती दिली (हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं), आणि एल५१ या सेलवर क्लिक केल्यावर दिसलं की सरासरी ३० ते ४९ ओळींची हवी होती, ती ४४ वरच थांबलेली. पाच देश बाहेर राहिले होते. शिवाय काही वर्षं वगळलेली, आणि न्यूझीलंडच्या एका वर्षाला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकंच वजन दिलेलं. मायकल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांबरोबर त्याने २०१३ ला दुरुस्त आकडा मांडला, तो निघाला अधिक २.२ टक्के. मूळ लेखकांनी शीटमधली चूक कबूल केली, जास्त कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध आहे हे म्हणणं मात्र सोडलं नाही, आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे.

परत करून बघण्याचं हे काम बराच काळ कमी प्रतीचं समजलं गेलं, त्यातून नवं काही निघत नाही म्हणून. २०१५ ला मानसशास्त्रातले १०० अभ्यास परत केले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये ठोस निष्कर्ष पुन्हा मिळाला, त्यानंतर मात्र सूर बदलला. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या जर्नल्समध्ये २०१९ पासून पेपर छापण्याआधी डेटा एडिटरची टीम लेखकांचा डेटा आणि कोड मागवून तपासते.