इम्प्लांट बसवलंय? मग तिसरा आठवडा सांभाळा

“डॉक्टर, दात कधी मिळणार?” हे रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून हे पत्रक.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू. दात, म्हणजे कॅप, त्यावर नंतर चढते. भूल तेवढ्याच भागाला देतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसते, मग उतरते. पहिले चोवीस तास बाहेरून बर्फ लावायचा, जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. एवढं सगळेच पाळतात.

घोटाळा पुढे होतो. आठ-दहा दिवसांत टाके निघतात, दुखणं थांबतं आणि लोक त्याच बाजूने भाकरी, चिवडा, मिसळीतलं फरसाण चावायला लागतात. सुरुवातीला स्क्रू नुसत्या आट्यांवर घट्ट असतो. मग भोवतीचं जुनं हाड थोडं झिजतं आणि नवं धरू लागतं. या अदलाबदलीत, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पकड सगळ्यात कमी असते. त्यात खऱ्या दाताच्या मुळाभोवतीचा पातळ पडदा स्क्रूला नसतो. घासात खडा आला की दात दचकतो तो त्या पडद्यामुळे. इथे जोर जास्त पडतोय हे धड कळतही नाही. स्क्रू हलायला लागला तर काढावाच लागतो. हाड भरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. दुखत नाही म्हणजे धरला, असं समजू नका. कॅप बसेपर्यंत घास दुसऱ्या बाजूने.

तंबाखू, सिगारेट बंद. मिशरीसुद्धा, “एवढीशीच” असली तरी. शुगर वाढलेली असेल तर आम्ही तारीख पुढे ढकलतो. कृपया रागावू नका.

“तीन दिवसांत दात” अशा जाहिराती तुम्हीही पाहता. हाड भक्कम असेल आणि स्क्रूची पकड मोजून पुरेशी आली, तर तात्पुरता दात आम्हीही लगेच देतो. सरसकट देत नाही. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने लागतात. वरचं हाड पोकळसर, तिथे चार ते सहा. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले, तेव्हाही महिनेच लागले होते. आता खडबडीत पृष्ठभागाच्या स्क्रूमुळे वेळ कमी झालाय, संपलेला नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांनी ऑक्टोबर छाटणीआधी यावं; खालचा दात असेल तर बहुतेकदा माल निघायच्या आत कॅप होते. घरात लग्न असेल तर तारीख आधी सांगा, पत्रिका छापल्यावर नको.

दर विचारताना स्क्रू, वरचा जोडभाग आणि कॅप तिन्ही धरलेत का, हे कुठेही विचारा. आमच्या अंदाजपत्रकात तिन्ही वेगळे लिहिलेले असतात. स्क्रूची कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेलं कार्डही देतो. ते जपून ठेवा. उद्या पुण्या-मुंबईत कॅप सैल झाली तर तिथल्या डॉक्टरांना तेच लागेल.

पहिल्यांदा येताना चालू औषधांची चिठ्ठी आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, मागच्या वर्षी घेतलेलं असलं तरी.